‘करणे’ आणि ‘लागणे’ : योगाभ्यासातील आंतरिक स्थैर्य व शिक्षकाची भाषा

१. विषयप्रवेश

योगाभ्यासाने मन स्थिर होते, हे विधान आज इतके सर्वपरिचित झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. मन स्थिर ‘होते’ की ‘केले जाते’? ते करावयाचे असेल तर करणारा कोण? आणि ते आपोआप होत असेल तर अभ्यासाचे प्रयोजन काय? हा प्रश्न वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा वाटेल. परंतु योग शिकविणाऱ्या प्रत्येकाला तो रोज, आणि तोही अगदी व्यवहाराच्या पातळीवर, सोडवावा लागतो. समोर वीस-पंचवीस माणसे सतरंजीवर उताणी पडलेली आहेत, आणि त्यांचे चित्त शांत व्हावे म्हणून शिक्षकाला काही बोलावयाचे आहे. त्याने कोणते क्रियापद वापरावे?

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक असून गेली काही वर्षे सायंकाळी योगाचा एक लहानसा वर्गही चालवितो. या दोन व्यवसायांचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्याला प्रारंभी वाटले नव्हते. तो संबंध कसा ध्यानात आला आणि त्यातून आंतरिक स्थैर्याविषयी काय हाती लागते, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

२. मराठीची साक्ष

अष्टांगयोगाची आठ अंगे सर्वांना ठाऊक आहेत: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. ही सर्व नामे मराठीने संस्कृतातून जशीच्या तशी घेतली; परंतु त्यांच्याबरोबर क्रियापदे मात्र स्वतःची जोडली. यमनियम आपण ‘पाळतो’, आसन ‘घालतो’ किंवा ‘करतो’, प्राणायाम ‘करतो’. धारणा हा शब्द ‘धृ’ धातूपासून आला आहे, आणि मन एका जागी ‘धरणे’ हा आपला प्रयोगही त्याच धातूचा. येथवर सर्व क्रियापदे सकर्मक आहेत आणि करणारा कर्ता ठळकपणे समोर उभा आहे.

ध्यानापाशी मात्र रचना दुभंगते. आपण ‘ध्यान करतो’ असेही म्हणतो आणि ‘ध्यान लागले’ असेही म्हणतो. या दोहोंचा अर्थ एक नाही. ध्यान करण्यास बसलेल्या प्रत्येकाला ध्यान लागतेच असे नाही. पुढे समाधीपाशी आल्यावर भाषेचा कल स्पष्ट होतो. ‘समाधी लावणे’ हा प्रयोग आहे, ‘समाधी घेणे’ याला तर देहविसर्जनाचा निराळाच अर्थ आहे. तथापि त्या अवस्थेच्या अनुभवाविषयी बोलताना मराठी माणूस स्वाभाविकपणे म्हणतो, ‘त्याला समाधी लागली.’

‘लागणे’ हे क्रियापद ‘लग्’ म्हणजे चिकटणे, संलग्न होणे या धातूपासून प्राकृतातील ‘लग्ग’ या रूपातून मराठीत आले. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, गोडी लागते, तंद्री लागते. या सर्व वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती कर्त्याच्या जागी नसून चतुर्थीत असते: मला, त्याला, मुलाला. अनुभव येतो आणि त्या व्यक्तीला लागतो. व्यक्ती तो निर्माण करीत नाही. ‘झोप घेणे’ व ‘झोप काढणे’ असेही प्रयोग मराठीत आहेत, हे खरे. पण झोप लागल्यावाचून ती घेताही येत नाही आणि काढताही येत नाही.

म्हणजे योगाच्या पायऱ्या चढत जाताना मराठीची क्रियापदे ‘करण्या’कडून ‘लागण्या’कडे सरकतात. ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. धारणा म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधणे, ध्यान म्हणजे तेथे एकाच प्रत्ययाची अखंड धार आणि समाधी म्हणजे स्वतःचे रूप जणू रिते होऊन केवळ ध्येय वस्तूच भासणे, असा या तीन अंगांचा क्रम पतंजलींनी लावला आहे. कर्ता क्रमाक्रमाने मागे सरतो, हे जे सूत्रकारांना अभिप्रेत आहे, त्याचीच नोंद लोकांच्या तोंडच्या मराठीने आपल्या परीने ठेवली आहे.

३. आसन आणि प्रयत्नाची शिथिलता

कर्त्याने मागे सरण्याची ही गोष्ट समाधीपुरतीच आहे, अशी मात्र समजूत करून घेऊ नये. योगसूत्रांच्या एकूण १९५ सूत्रांपैकी (काही पाठांत ती १९६ आहेत) आसनाला अवघी तीन मिळाली आहेत. पहिल्यात आसनाची दोन लक्षणे येतात: ते स्थिर असावे आणि सुखकर असावे. दुसऱ्यात ती साधण्याचे दोन उपाय आहेत: प्रयत्नशैथिल्य आणि अनंताशी समापत्ती. तिसऱ्यात फळ सांगितले आहे, ते हे की शीतोष्णादी द्वंद्वांचा आघात होत नाही.

‘स्थिर’ आणि ‘सुख’ या दोन विशेषणांचा एकमेकांवर ताण आहे. नवशिक्या साधकाला पाठ ताठ ठेवून बसविले की तो स्थिर राहतो, पण सुखाने राहत नाही. सुखाने बसू दिले की तो पाठीत वाकतो. या दोहोंचा मेळ प्रयत्न वाढवून बसत नाही, तो सैल सोडल्याने बसतो, असे पतंजलींचे सांगणे. भाष्यकार व्यासांनी येथे एक मार्मिक खुलासा केला आहे. प्रयत्न थांबला म्हणजे आसन सिद्ध होते आणि मग अंग कापत नाही, असे ते म्हणतात. अंगाचे कापणे म्हणजे ‘अंगमेजयत्व’ हे पहिल्या पादात चित्तविक्षेपांच्या सोबत्यांमध्ये गणलेले आहे. दुःख, दौर्मनस्य आणि अस्वस्थ श्वासप्रश्वास हे त्याचे जोडीदार होत. स्नायू अतिप्रयत्नाने थरथरतात हे कोणत्याही व्यायामशाळेत दिसते. व्यासांनी ती थरथर मनाच्या विक्षेपाशी जोडली.

याच भाष्यात आसनांची जी यादी आहे, तीत ‘सोपाश्रय’ म्हणजे आधारासहित असे एक आसन येते. वाचस्पतिमिश्रांच्या मते हा आधार योगपट्टाचा, म्हणजे कमरेभोवती व गुडघ्यांभोवती बांधावयाच्या पट्ट्याचा. इ. स. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार पुण्यास आले आणि पुढील अनेक दशकांत त्यांनी पट्टे, दोर, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांच्या साह्याने आसने शिकविण्याची जी पद्धत घडविली, तिच्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आधार मिळाला की तेवढा प्रयत्न अनावश्यक होतो, आणि अनावश्यक प्रयत्न गळाला की उरते ते स्थैर्य. दुसऱ्या उपायाचेही मर्म हेच. वाचस्पती ‘अनंत’ म्हणजे पृथ्वी तोलून धरणारा शेष असे समजतात. भार ज्याने वाहावयाचा तो वाहतो आहे, आपण वाहण्याचे कारण नाही, अशी ती भावना होय.

४. श्वास : करण्याचा आणि होण्याचा व्यापार

शरीरशास्त्राच्या दृष्टीने या क्रमात श्वासाला विशेष स्थान आहे. हृदय आपल्या आज्ञेने चालत नाही. हात आपल्या आज्ञेवाचून सहसा चालत नाही. श्वास मात्र आपण केला तरी होतो आणि न केला तरी होतो. प्रौढ माणूस विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि त्यांपैकी एकही त्याच्या लक्षात नसतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना ती मंदावते. हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव उच्छ्वासाच्या वेळी अधिक असतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की हृदयगतीतील हा चढउतार बहुधा चांगलाच मोठा होतो. चित्तप्रसादनाच्या उपायांत पतंजली श्वास बाहेर सोडण्याचा मुद्दाम उल्लेख करतात, हे येथे लक्षात घ्यावे.

प्रयत्नाच्या बाबतीतही आधुनिक निरीक्षण जुन्या भाष्याला दुजोरा देते. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्नायू शिथिल करण्याची पद्धत मांडली. तिचा गाभा असा की शिथिल होणे ही नवी क्रिया नाही. चालू असलेली क्रिया थांबणे म्हणजेच शिथिल होणे. म्हणून शिथिल होण्याचा जो कोणी खटाटोप करील तो शिथिल होणार नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि त्यांतील अनेकांना लाभ झाल्याचे नोंदविले. एवढ्या लहान संख्येवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत आणि शवासनाला औषधाचा पर्याय समजू नये, हे उघड आहे. तथापि निश्चल पडून राहणे यालाही परिणाम असतो, एवढे त्यावरून म्हणता येते.

५. वर्ग आणि शिक्षकाचा आवाज

येथवर साधकाचा विचार झाला. आता शिकविणाऱ्याकडे वळू.

योग वर्गात शिकविणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. श्रीयोगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे आपली संस्था काढली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगविद्या गुरूच्या आश्रमातून बाहेर येऊन सामान्य गृहस्थाच्या दारी आली, ती अशा संस्थांमुळे. या स्थित्यंतराची एक भाषिक बाजू आहे. गुरूपाशी एकटा शिष्य असे, तेव्हा पाहून आणि स्पर्शाने बरेच काही शिकता येई. वर्गात एक शिक्षक आणि पुष्कळ विद्यार्थी असतात, आणि शवासनात तर सर्वांचे डोळे मिटलेले असतात. अशा वेळी शिक्षकाजवळ एकच साधन उरते: त्याचे बोलणे.

या साधनाचा दुरुपयोग कसा होतो, याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाला दूर शोधावे लागले नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी प्रबंधलेखनाच्या काळात त्याला निद्रानाशाने ग्रासले होते. त्यावर उपाय म्हणून त्याने योगाभ्यास सुरू केला आणि तो प्रबंधाच्याच शिस्तीने चालविला. आसनांची मिनिटे, श्वासांची संख्या, झोपेचे तास, सर्व वहीत टिपले जाई. अंगाची आखड गेली. झोप मात्र आली नाही. रोज रात्री तो शवासनात पडे आणि आपण पुरेसे शिथिल झालो की नाही याची तपासणी करी. ही तपासणीच त्याला पहाटेपर्यंत जागी ठेवी.

पुढे ज्या शिक्षकांपाशी तो शिकत होता ते परगावी गेले आणि वर्ग बंद पडू नये म्हणून तो त्याच्याकडे आला. पहिल्या काही महिन्यांत त्याने शवासनातील दहा मिनिटे अखंड सूचनांनी भरून काढली. पाय सैल सोडा, हात बाजूला ठेवा, खांदे खाली पाडा, कपाळावरच्या आठ्या काढून टाका, मन शांत करा. एके दिवशी वर्ग सुटल्यावर वर्गातील एक निवृत्त गृहस्थ चपला घालता घालता म्हणाले, “सर, आज मधेच तुम्हाला खोकला आला आणि तुम्ही बाहेर पाणी प्यायला गेलात ना, तेवढ्या वेळात शवासन लागलं बघा.”

बोलण्यात उपरोध नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. ‘शवासन लागले’ हा प्रयोग लेखकाने तोवर कधी ऐकला नव्हता. शवासन ‘करावयाचे’ असते, असे सर्व पुस्तके सांगतात. त्या गृहस्थांनी आपल्या अनुभवाला अनुसरून त्याला झोपेच्या आणि समाधीच्या पंक्तीस बसविले होते. त्या रात्री लेखकाने आपल्या सर्व सूचना आठवून लिहून काढल्या. सोडा, ठेवा, पाडा, काढा, करा: जवळजवळ प्रत्येक क्रियापद सकर्मक आणि आज्ञार्थी होते. ज्या आज्ञांनी तो स्वतःला वर्षानुवर्षे जागे ठेवीत आला होता, त्याच तो आता पंचवीस माणसांना देत होता.

६. तीन रूपे

मराठीत सकर्मक आणि अकर्मक धातूंच्या जोड्या विपुल आहेत: सोडणे–सुटणे, पाडणे–पडणे, गाळणे–गळणे, तोडणे–तुटणे. पहिल्यात क्रिया कोणी तरी करतो. दुसऱ्यात ती घडते. शिवाय दुसऱ्या धातूला ‘देणे’ जोडून अनुमती दाखविता येते: पडू देणे, सुटू देणे. या सोयीमुळे एकच सूचना तीन रूपांत देता येते.

पहिले रूप आज्ञेचे: ‘खांदे खाली पाडा’, ‘श्वास सोडा’. दुसरे अनुमतीचे: ‘खांदे पडू द्या’, ‘श्वास सुटू द्या’. तिसरे केवळ नोंदीचे: ‘खांदे जमिनीला टेकले आहेत’, ‘श्वास सुटतो आहे’. पहिल्या रूपात साधक कर्ता आहे. दुसऱ्यात तो अडथळा न करणारा आहे. तिसऱ्यात त्याचा उल्लेखच नाही. पाणिनीय व्याकरणात ज्याला कर्मकर्तरी प्रयोग म्हणतात, म्हणजे शिजविणाऱ्याला बाजूस ठेवून भात आपोआप शिजतो असे जेथे म्हटले जाते, त्याच्या जवळ जाणारी ही रचना आहे.

वर्गातील अनुभव असा की पहिले रूप ऐकताच पुष्कळांचे खांदे पडण्याऐवजी जबडा आवळला जातो. आज्ञा पाळण्याचा ताण कोठे तरी प्रकट व्हावयाचाच. दुसऱ्या रूपाने तो उतरतो. तिसरे रूप योग्य वेळी, म्हणजे खांदे खरोखर टेकल्यावरच, वापरले पाहिजे; एरवी ते असत्य होते आणि साधकाला ते लगेच कळते. या तिन्हींनंतर चौथी पायरी आहे, ती मौनाची.

परंतु आज्ञा सर्वस्वी त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ताडासनात ‘गुडघे ताठ होऊ द्या’ असे सांगितले तर कोणाचेच गुडघे ताठ होणार नाहीत. तेथे ‘गुडघे ताठ करा’ हेच बरोबर. आळस आणि स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व यांनाही पतंजलींनी विक्षेपांतच गणले आहे. प्रयत्नशैथिल्य म्हणजे प्रयत्नाचा अभाव नव्हे. जो प्रयत्न झालाच नाही तो सैल कसा होणार? अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने करावयाचा असतो, असे त्यांनीच सांगितले आहे. आधी करावयाचे, मग होऊ द्यावयाचे. हा क्रम उलटून चालत नाही.

अलीकडे वर्गावर्गांतून ‘रिलॅक्स करा’ ही सूचना ऐकू येते. परभाषेतील शब्दाला ‘करणे’ जोडून क्रियापद बनविण्याची मराठीची रीत जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. येथे मात्र ती रीत नेमकी उलट अर्थ सांगून जाते. ‘सैल’, ‘सुटणे’, ‘विसावणे’, ‘थिरावणे’ असे घरचे शब्द असताना स्वस्थतेलाही एक काम करून ठेवण्याची गरज नाही. ‘थिरावणे’ हा तर प्राकृत ‘थिर’ म्हणजे स्थिर याच्यापासून आलेला शब्द, आणि तो पाण्यालाही लागू पडतो, माणसालाही.

७. शिकविणाऱ्याचे स्थैर्य

भाषा बदलली तरी एक अडचण राहिलीच. ‘श्वास सुटू द्या’ हे शब्द घाईने उच्चारले तर घाईच पोहोचते. वीस माणसांचा श्वास सुटेपर्यंत शिक्षकाला थांबावे लागते; आणि थांबावयाचे तर त्यांचा श्वास पाहावा लागतो. या पाहण्यात एक विलक्षण गोष्ट घडते, ती अशी की स्वतःची तपासणी करावयास शिक्षकाला सवड उरत नाही.

मराठीत ‘निजणे’ यापासून ‘निजविणे’ हे प्रयोजक क्रियापद होते. आई मुलाला निजविते. पण झोप ती करून देत नाही. ती दिवा मंद करते, हलके थोपटते, अंगाई गुणगुणते आणि वाट पाहते. झोप मुलालाच लागते. आणि थोपटता थोपटता आईचाच डोळा लागल्याचे कोणत्या घरी पाहिलेले नाही? ‘शिकविणे’ हेही प्रयोजकच. ‘शिकणे’ हे ज्या ‘शिक्ष्’ धातूपासून आले तो मूळचा ‘शक्’ या धातूचे इच्छार्थक रूप होय; शिकणे म्हणजे समर्थ होण्याची इच्छा धरणे. तेव्हा शिकविणे म्हणजे काही देणे नव्हे. त्या इच्छेला जागा करून देणे एवढेच शिक्षकाच्या हाती असते.

चित्त प्रसन्न होण्यासाठी पतंजलींनी सांगितलेल्या चार भावना, सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यशीलाविषयी मुदिता आणि पापी माणसाविषयी उपेक्षा, या एकांतातील साधनेपुरत्या आहेत, असा लेखकाचा समज होता. वर्गात त्यांचा रोजचा उपयोग दिसला. ज्याचे शरीर सहज वळते त्याचा हेवा न वाटणे, ज्याचे गुडघे दुखतात त्याच्यापाशी थांबणे, जो निष्ठेने येतो त्याच्या प्रगतीत आनंद मानणे, आणि जो रोज उशिरा येऊन शेजाऱ्याशी कुजबुजतो त्याच्यावरून आपले मन न ढळू देणे. चौथी गोष्ट सर्वांत कठीण. चार भिन्न माणसांसमोर चित्त एकाच जागी राहिले तर ते स्थैर्य खरे. रिकाम्या खोलीतील स्थैर्याची अशी परीक्षा झालेली नसते.

लेखकाच्या निद्रानाशाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. काही रात्री आजही झोप लागत नाही. परंतु झोपेच्या तासांची वही बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. ती मुद्दाम बंद केल्याचे आठवत नाही. वर्गाच्या नादात ती सुटली.

८. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा: आंतरिक स्थैर्य ही अभ्यासाने तयार करावयाची वस्तू नाही, अभ्यासाने जागा तयार होते आणि स्थैर्य तेथे लागते. मराठीने हा भेद ‘करणे’ आणि ‘लागणे’ यांत जपून ठेवला आहे. शिक्षकाने आज्ञेकडून अनुमतीकडे, अनुमतीकडून नोंदीकडे आणि शेवटी मौनाकडे जावे, असे त्यावरून सुचते. आणि या वाटेने विद्यार्थ्यांना नेताना त्याला स्वतःलाही तीवरून चालावे लागते.

हे निरीक्षण एका भाषेचे आणि एका लहान वर्गाचे आहे, ही त्याची मर्यादा होय. अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याची रचना हिंदी, कन्नड इत्यादी इतर भारतीय भाषांतही आहे. तेथील योगशिक्षक शवासनात कोणती क्रियापदे वापरतात, हे कोणी वर्गात बसून टिपून घेतले तर तो अभ्यास उपयुक्त ठरेल. टिपणाऱ्याने मात्र आपली वही शवासनाच्या वेळी बाजूस ठेवावी.